उत्तर: रविवारची सहल – नक्की कुठलं जेलिको?

प्रेषक: सहल समिती
मंडळी, रविवारी सकाळी अकरा वाजता जेलिको पार्क. वडे मंडळाकडून. बाकी तक्त्यात नावं घाला आणि कृपा करून सगळ्यांनी कोशिंबीरच आणू नका.

प्रेषक: खजिनदार
कुठलं जेलिको पार्क? ऑकलंडमध्ये दोन आहेत, ओनेहुंगाचं की मानुरेवाचं? वडेवाल्याला पत्ता आजच द्यायचाय. गुढीपाडव्याला श्रीखंड भलत्याच हॉलवर जाऊन बसलं होतं, ते अजून माझ्याच खात्यात दिसतंय.

प्रेषक: मानुरेवाच्या वहिनी
मानुरेवाचंच असू द्या. दरवेळी आम्ही साउथवाल्यांनी डबे सांभाळत मोटरवे तुडवायचा, आणि वर उशीर झाला म्हणून बोलणी खायची.

प्रेषक: नॉर्थ शोअरकर
माझ्या फोनवर विनयार्ड क्वार्टरची जेलिको स्ट्रीट आली, फिश मार्केटजवळची. खाली पनम्यूरचा जेलिको रोड. कोण हा बाबा? पहिल्या महायुद्धात जटलंडच्या लढाईत हातातोंडाशी आलेलं जर्मन आरमार यानेच सोडून दिलं ना? त्याच्या नावाने एवढं सगळं कशाला?

प्रेषक: काका (मर्चंट नेव्ही, निवृत्त)
‘सोडून दिलं’ हे घरी बसून लिहायला सोपं आहे. 31 मे 1916, उत्तर समुद्र, संध्याकाळची वेळ, धुरकट हवा, त्यात शेकडो जहाजांच्या धुराड्यांचा धूर. इंग्रज आरमाराच्या प्रमुखाकडे, जॉन जेलिकोकडे, 24 बॅटलशिप, सहा रांगा, रांगेत चार. शत्रू कुठे आहे हे सांगायचं काम बॅटलक्रूझर (हलक्या चिलखताची वेगवान जहाजं) घेऊन पुढे गेलेल्या त्याच्या हाताखालच्या बीटीचं, आणि त्याच्याकडून धड काही कळेना. शेवटी ‘शत्रूचं मुख्य आरमार कुठे आहे?’ असं जेलिकोलाच विचारावं लागलं. लढायला सहा रांगांची एक ओळ करायची. ती उजवीकडे उघडायची की डावीकडे? उजवीकडे उघडावी तर जुनी जहाजं आधी तोंडावर जाणार, आणि टॉर्पेडोंच्या टप्प्यात वळणं घेत बसायचं. सव्वासहाच्या सुमारास तो होकायंत्रापाशी गेला, काही क्षण गप्प उभा राहिला आणि ‘डावीकडे’ म्हणाला. बस्स. धुरातून जर्मन पुढे आले तर इंग्रजांची ओळ त्यांच्या वाटेत आडवी! जर्मन आरमाराचा प्रमुख शेर, त्याने दोनदा पाठ फिरवली.

शत्रू वळून पळू लागला तर तो आपल्याला सुरुंगांवर आणि पाणबुड्यांवर ओढतोय असं समजून मी मागे जाणार नाही, हे जेलिकोने ऑक्टोबर 1914 मध्येच लंडनच्या आरमार खात्याला म्हणजे अ‍ॅडमिरल्टीला लेखी कळवलं होतं. त्यांनी मान्यही केलं होतं. मग नंतर बोंब कशाला?

प्रेषक: नॉर्थ शोअरकर
काका, आकडे काय सांगतात? इंग्रजांचे 6,094 मेले, जर्मनांचे 2,551. जहाजंही इंग्रजांची जास्त बुडाली, 14 विरुद्ध 11. आणि रात्री शेर मागच्या मागे घरी पोचला.

प्रेषक: काका
त्यातले तीन हजारांवर तीन बॅटलक्रूझरांच्या स्फोटांत गेले. त्यातल्या दोन तर जेलिको पोचायच्या आधीच फुटल्या होत्या. आणि रात्रीचं म्हणाल तर शेरने डेन्मार्कच्या किनाऱ्याकडच्या हॉर्न्स रीफजवळ हवाई टेहळणी मागितल्याचा संदेश लंडनने पकडला होता. तो जेलिकोला कळवलाच नाही! घरचा रस्ता त्यावरूनच कळला असता.

हा माणूस भित्रा नव्हता. 1893 मध्ये ‘व्हिक्टोरिया’ आपल्याच ताफ्यातल्या जहाजाची टक्कर लागून बुडाली, 358 माणसं गेली. अ‍ॅडमिरलचा हुकूम चुकीचा दिसत असूनही शेवटपर्यंत कोणी मोडला नव्हता. जेलिको त्या जहाजावर तापाने फणफणत पडला होता, तसाच उठून वर आला आणि वाचला. 1900 मध्ये चीनमध्ये फुप्फुसात गोळी लागली. ती जन्मभर आतच राहिली. हिशेब करून पाऊल टाकायची सवय अशा माणसाला लागणारच.

प्रेषक: खजिनदार
काका, सगळं मान्य. पत्ता?

प्रेषक: बालवर्गाच्या ताई
त्या लढाईत आपलं ‘एचएमएस न्यूझीलंड’ पण होतं, ते कसं विसरलात? इथल्या लोकांच्या पैशाने बांधलेलं. 1913 मध्ये ते इथे आलं तेव्हा माओरी सरदाराने कॅप्टनला पिउपिउ (फ्लॅक्सच्या पट्ट्यांचा घागरा) आणि हेइ-टिकी (गळ्यातलं कोरीव पदक) दिली, लढाईत अंगावर घाल म्हणून. जटलंडला कॅप्टन दुसरा होता, पण वस्तू जहाजावरच होत्या. एकच गोळा लागला, माणूस एकही गेला नाही. मी हे मुलांना दरवर्षी सांगते.

प्रेषक: काका
ताई, त्याच जहाजातून जेलिको 1919 च्या मार्चमध्ये मुंबईला उतरला होता! साम्राज्यातल्या आरमारांची पाहणी करायला निघाला होता, हिंदुस्थान, मग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. त्याआधी 1917 च्या नाताळच्या आदल्या दिवशी मंत्री गेडिस यांनी पत्र पाठवून त्याला फर्स्ट सी लॉर्डच्या, म्हणजे आरमारातल्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या खुर्चीवरून काढलं होतं. 1920 ला तो इथे गव्हर्नर-जनरल म्हणून आला, चार वर्षं राहिला, सुट्टीत लहान शिडाच्या होड्यांच्या शर्यती खेळायचा. नॉर्थ शोअरकर, उद्यानांना नाव म्हणून आहे.

सहलीत यावर अर्धा तास बोलेन. नकाशा आणतो.

प्रेषक: सांस्कृतिक समिती
सत्रं आमच्या समितीमार्फत ठरतात. अंताक्षरीचा वेळ आधीच कमी केलाय. दहा मिनिटं, तीही जेवणानंतर.

प्रेषक: काका
दहा मिनिटांत फक्त सहा रांगा मांडून होतील. आणि जेवणानंतर अर्धी मंडळी पेंगतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

प्रेषक: सांस्कृतिक समिती
मग वडे तळेपर्यंत बोला. नाताळच्या आदल्या दिवशीची पत्रं आम्हालाही पाठवता येतात.

प्रेषक: सहल समिती
ओनेहुंगा! विटांचं जुनं ब्लॉकहाउस (लष्करी चौकी) आहे, तेच पार्क. वहिनी, पुढची सहल साउथला, इथे लेखी देतोय.

प्रेषक: मानुरेवाच्या वहिनी
मागच्या समितीनेही लेखीच दिलं होतं. पुऱ्या मी आणते, पण थंडच मिळतील.

प्रेषक: पापाटोएटोएहून एक आई
ताई, पिउपिउवरून आठवलं. धाकटीला शाळेच्या कापा हाकासाठी (माओरी नाच-गाणं) मंगळवारी हवाय, सात वर्षांच्या मापाचा. कोणाकडे असेल तर रविवारी घेऊन याल का? धुऊन परत देईन.

प्रेषक: बालवर्गाच्या ताई
धुऊ नका हो, पाण्याने खराब होतो! आणते.