‘बार्चेस्टर टॉवर्स’ : आर्चडीकन ग्रँटलीला स्वार्थी म्हणावे का?

प्रश्न :
अँथनी ट्रोलप यांची १८५७ सालची ‘बार्चेस्टर टॉवर्स’ ही कादंबरी नुकतीच वाचायला घेतली आहे. आरंभीच वृद्ध बिशप मरणशय्येवर आहेत आणि त्यांचा मुलगा, आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ धर्माधिकारी) ग्रँटली, त्यांच्याच पदाची आस धरून उशाशी बसला आहे. वडील नेमके केव्हा जातात याला एवढे महत्त्व का? आणि अशा माणसाविषयी वाचकाला आपुलकी कशी वाटावी?

उत्तर १ :
बिशपची नेमणूक राणीच्या नावाने होत असली, तरी नाव सुचवणारे पंतप्रधान असत. ग्रँटलीला अनुकूल असलेले सरकार पडण्याच्या बेतात आहे. वडील त्याआधी गेले तरच पद हाती येणार. प्रत्यक्षात निधनाची तार लंडनला जाते तोवर उशीर झालेला असतो आणि नव्या सरकारकडून डॉ. प्राउडी बिशप म्हणून येतात. त्यांचा चॅप्लेन (खासगी धर्मोपदेशक) स्लोप कॅथीड्रलमधल्या पहिल्याच प्रवचनात तिथल्या गायनयुक्त उपासनेवर टीका करतो, आणि हाय चर्च (परंपरा व विधींना महत्त्व देणारा पक्ष) व लो चर्च (साध्या उपासनेचा व प्रवचनाचा आग्रह धरणारा पक्ष) यांच्यातल्या झगड्याला तोंड फुटते.

उत्तर २ :
वरील माहिती बरोबर आहे, परंतु प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. त्या खोलीत ग्रँटली स्वतःलाच विचारतो की, आपल्याला वडिलांचा मृत्यू खरोखरच हवा आहे का. आणि हा प्रश्न मनात उमटताच तो पलंगाशी गुडघे टेकतो, वडिलांचा हात हातात घेतो आणि क्षमेची प्रार्थना करतो. त्याला पद हवे आहे आणि वडीलही हवे आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच मनात खऱ्या असू शकतात, हे ट्रोलप यांनी इतक्या प्रामाणिकपणे दाखवले आहे की मला त्याचा राग धरवत नाही. स्लोपला असा क्षण कुठेच लाभत नाही.

प्रश्नकर्ता :
तो प्रसंग पुन्हा वाचला. प्रार्थनेनंतर थोड्याच वेळात त्याला तारेची आठवण होते, हे मात्र अजूनही खटकते.

उत्तर २ :
खटकायलाच हवे. पण त्याच खोलीत त्याचे सासरे, हार्डिंग, उभे आहेत हे विसरू नका. हार्डिंग पूर्वी ज्या पदावर होते ते हायरम वृद्धाश्रमाचे वॉर्डनपद (प्रमुखपद) अखेर चौदा मुलांचा बाप असलेल्या क्विव्हरफुलकडे जाते, तेव्हा हार्डिंग भांडत नाहीत. पुढे डीनचे (कॅथीड्रलच्या प्रमुखाचे) पद चालून आले, तेही ते आपल्या वयाचा विचार करून नाकारतात आणि ते अॅराबिन या धर्मोपदेशकाला मिळते. ग्रँटलीला नीट जोखायचे, तर या हार्डिंगना शेजारी ठेवून पुढची प्रकरणे वाचावीत.