निम्मीच समांतर वाहिनी टाकून वायूचा पुरवठा वाढेल का?

प्रश्न : एका प्रादेशिक नैसर्गिक वायुवाहिनीच्या विस्तारात केवळ निम्म्या अंतरावर समांतर वाहिनी प्रस्तावित आहे. उरलेला भाग जुनाच राहणार असेल, तर वायू तिथे अडणार नाही का?

प्रतिसाद १ : अडत नाही. घर्षणामुळे वाहिनीतील दाब अंतरागणिक घटतो. समांतर भागात ही घट कमी झाली की, जुन्या भागाच्या वाट्याला अधिक दाब उरतो. दोन्ही टोकांचे दाब तेच ठेवून निम्म्या लांबीला त्याच व्यासाची जोड दिली, तर प्रवाह दीडपट नव्हे, पण सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो.

प्रतिसाद २ : त्यापेक्षा कॉम्प्रेसर बसवणे स्वस्त वाटते खरे; मात्र तो बहुधा वाहिनीतलाच वायू जाळून चालतो आणि नळाच्या मंजूर कमाल दाबापलीकडे त्यालाही जाता येत नाही.

प्रतिसाद ३ : जोडवाहिनीत वायूचा साठाही राहतो, त्यामुळे मागणी एकाएकी चढली तरी काही तास निभावतात. फक्त तिचा व्यास टोकापासून टोकापर्यंत एकच ठेवावा. एरवी नळात साचलेली काळी भुकटी (गंजाचे बारीक कण) ढकलत येणारा ‘पिग’, म्हणजे नळाच्या आतून सरकणारे सफाईचे साधन, नेमका व्यास बदलणाऱ्या सांध्यापाशी अडकून बसू शकतो.