तापीकाठी घरकुल मंजूर झालंय, जोतं (जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतचा उंच पाया) किती उंच घ्यावं?

प्रश्न: गाव हतनूरच्या खाली आहे, धरणाचे ४१ दरवाजे उघडले की पाणी मागच्या ओट्याला लागतं. आवास योजनेचे १ लाख २० हजार मंजूर झालेत, त्यात उंच जोतं बसेल का?

उत्तर १: भाऊ आधी पाटबंधारे खात्यात पूररेषेचा (पुराचं पाणी कुठवर येतं त्याचा) नकाशा बघा, निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांच्या, निळीच्या आत असाल तर तिथं बांधूच नका, ग्रामपंचायतीत दुसरी जागा मागा.

उत्तर २: जोत्यात भर काळ्या मातीची नको, ती फुगते न भिंतीला तडे जातात. मुरूम टाकून चांगली धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा.

उत्तर ३: नदीकाठच्यांना जोत्याचे वेगळे पैसे मिळायलाच पाहिजेत, ग्रामसभेत ठराव मांडा दादा. आणि घरकुलाच्या कामाची रोजगार हमीतून मिळणारी ९० दिवसांची मजुरी सोडू नका.