ग्रास यलो फुलपाखरू: पंखांवरून दोन जाती, सीओआय जनुकावरून एकच. कशावर भरवसा ठेवायचा?

माळरान_सोलापूर: होटगी तलावाच्या बाजूला टाकळ्यावर मिळालेले कॉमन ग्रास यलोचे नमुने. पावसाळ्यातल्यांची काळी किनार रुंद, जानेवारीतल्यांची अरुंद आणि खालून तांबूस डाग. जाती ओळखायला वापरतात त्या सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतल्या, स्वतःचा डीएनए असलेल्या ऊर्जाघटकातल्या) जनुकाच्या ६५८ बेसमध्ये, म्हणजे डीएनएच्या अक्षरांत, मात्र फरक जवळपास नाही. शिवाय जुन्या, टाचलेल्या नमुन्यांचा पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीत) बँडच, म्हणजे वाढलेल्या डीएनएची पट्टीच, येत नाही. आणि या क्रमांवरून काढलेल्या झाडावर (वंशवृक्षावर) जाती कधी वेगळ्या झाल्या तो काळ टाकता येईल का?

पाकोळी: किनार आणि डाग हे ऋतुरूप, म्हणजे एकाच जातीचं हंगामाप्रमाणे बदलणारं रूप, आहे, त्यावरून जात वेगळी काढू नका. जुन्या नमुन्यांत डीएनएचे तुकडे झालेले असतात. अख्खा ६५८ मागण्यापेक्षा आतले प्रायमर (वाढवायच्या भागाची टोकं ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) घेऊन एकमेकांवर येणाऱ्या दोन तुकड्यांत वाढवा. पुढच्या खेपेला एका बाजूचे दोन पाय काढून थेट ९५ टक्क्यांवरच्या इथेनॉलमध्ये टाका आणि उणे २० वर ठेवा. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट नको, फॉर्मॅलिन तर अजिबात नको. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाटलीचं झाकण सैल राहिलं की इथेनॉल उडतं आणि मागे पाणीच उरतं.

जनुकवाला: पीसीआरमध्ये प्रायमर चिकटायचं तापमान: ५ फेऱ्या ४५ अंशांवर, मग ३५ फेऱ्या ५१ वर. भेसळ कळावी म्हणून डीएनएऐवजी नुसत्या पाण्याचा नमुना सोबत लावाच. क्रम हाती आला की अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियल कोडने भाषांतर करून, म्हणजे त्यातून कोणतं प्रथिन बनतं ते, बघा. मधेच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच संपवणारी खूण) आला तर ती केंद्रकात जाऊन बसलेली खोटी प्रत असू शकते.

पण "सीओआय एक म्हणजे जात एक" हेही लगेच मानू नका. जपानमध्ये याच गटातल्या दोन जातींचं मायटोकॉन्ड्रियल झाड जातींप्रमाणे नाही, तर वोल्बॅकिया जिवाणूच्या संसर्गाप्रमाणे विभागलेलं निघालं. हा जिवाणू आईकडून अंड्यातून उतरतो, मायटोकॉन्ड्रियाही तसाच. संकरातून संसर्ग पलीकडे गेला की मायटोकॉन्ड्रियाही त्याच्यासोबत जातो. म्हणून डब्ल्यूएसपी या वोल्बॅकियाच्या जनुकाची पीसीआर करा, पण पायावर नको, पोटावर, कारण अंडाशयात तो भरपूर असतो. जोडीला टीपीआय हे केंद्रकातलं जनुक वाचा. ते झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं. मादीत झेड एकच, त्यामुळे क्रमात दुहेरी शिखरं (एकाच जागी दोन अक्षरं) येत नाहीत. नरात झेड दोन, म्हणून तिथे ती दिसली तर रिॲक्शन बिघडली असं समजून फेकू नका.

पाकोळी: बाह्यगट (तुलनेसाठी घ्यायची दूरची नातेवाईक जात) म्हणून कॅटोप्सिलिया ही फुलपाखरं घ्या, बहाव्यावर सहज मिळतात. काळाचं म्हणाल तर एकट्या सीओआयवरून नको, त्यात बदल साचून जुन्या खुणा पुसल्या जातात. २०२३ च्या जागतिक अभ्यासात जवळपास २,३०० जातींची ३९१ जनुकं घेतली, तेव्हा कुठे फुलपाखरांचा उगम सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी अमेरिका खंडांत असा निष्कर्ष निघाला. आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून काही उचलायचं असेल तर आधी वनविभागाची लेखी परवानगी हवी.