ढोंग की वेड, एवढंच नसतं

काहीजण म्हणतात की अंगात येणं म्हणजे एकतर ढोंग, नाहीतर वेड. मला हे अजिबात पटत नाही. परळच्या आमच्या चाळीत नवरात्रात आरतीला एका काकूंच्या अंगात यायचं. केस मोकळे, मान गरगर फिरतेय, हाका मारल्या तरी ओ नाही. पण समईला पाय कधी लागला नाही! अशा तंद्रीत, म्हणजे ट्रान्समध्ये, लक्ष एकाच गोष्टीवर एकवटतं, बाकीचं शरीर सवयीने सांभाळतं. १८४०च्या दशकात संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या जेम्स ब्रेडनेही एकाग्रतेवरच भर दिला होता. आयसीडी-११ नुसार, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणानुसार, ही अवस्था नकळत, नको असताना, रूढ धार्मिक प्रथेबाहेर येत असेल आणि त्रास देत असेल, तरच तो आजार. तसं असेल तर मात्र मांत्रिकाकडे नेऊ नका, केईएम रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत न्या.