युद्धावरची चित्रपुस्तकं लहान मुलांच्या हाती द्यावीत का?

ऋता (वर्तकनगर, ठाणे)

आमच्या सोसायटीत मुलांचं छोटं वाचनालय आहे, आम्ही दोघी-तिघी मिळून ते चालवतो. गेल्या आठवड्यात एका आईने जपानी चित्रकार तोशी मारुकी यांचं हिरोशिमावरचं चित्रपुस्तक परत आणून दिलं. म्हणाल्या, हे इथून काढा, नाहीतर माझा मुलगा इथे येणार नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. तिथे धड बोलता येत नाही म्हणून हा धागा काढलाय.

माझं मत सांगते. ही पुस्तकं राहिलीच पाहिजेत. युद्ध आपल्या मुलांपर्यंत पोचलेलंच आहे. ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झालं आणि पुढचे दिवस घरोघरी टीव्ही चालू होता. वाहिन्या बातम्यांमागे सायरन वाजवत होत्या, इतक्या की तो आवाज वापरू नका असं शेवटी सरकारला सांगावं लागलं. मुलं समोर बसून ते ऐकत होती आणि त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. पुस्तक निदान कुणाच्या तरी शेजारी बसून वाचलं जातं. नको वाटलं तर मिटता येतं.

मारुकींच्या पुस्तकातली मिई सात वर्षांची आहे. सकाळी घरी जेवत असताना लख्ख प्रकाश होतो. आई जखमी वडिलांना पाठीवर घेऊन नदीकडे पळते. कितीतरी वेळाने लक्षात येतं, की मिईच्या मुठीत जेवणाच्या काड्या तशाच आहेत, मूठ उघडतच नाहीये. युद्धात मुलाचं काय होतं हे मला यापेक्षा नीट सांगता येणार नाही.

मेघना (नेरूळ)

ऋता, तळमळ पोचली, पण मी अजिबात सहमत नाही. मी पहिलीला शिकवते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हिरोशिमा किती लांब आणि १९४५ किती जुनं हे कळत नाही. त्याच्या लेखी ते पामबीच रोडच्या पलीकडे, कालच घडलेलं असतं. मेमध्ये आमच्याकडचा एक मुलगा बसमधून उतरायलाच तयार नसायचा. वरून विमान गेलं की दप्तर डोक्यावर धरून खाली बसायचा. त्याला तुम्ही मिईची गोष्ट वाचून दाखवणार?

पुस्तक मिटता येतं, हे खरं. पाहिलेलं चित्र मिटता येत नाही. मारुकींनी भाजलेली, उघडी माणसं काढली आहेत, कारण बॉम्ब पडल्यानंतर काही दिवसांतच त्या हिरोशिमाला गेल्या आणि ते सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. फार मोठं पुस्तक आहे ते, पण सहावी-सातवीसाठी.

कळव्याच्या काकू

मेघना, मुलांना न सांगितल्याने काय होतं ते मी सांगते. १९७१ च्या डिसेंबरात आम्ही नौपाड्यात राहायचो, मी दुसरीत होते. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते. भोंगा झाला की दिवे बंद आणि खालून कुणीतरी ओरडायचं, "दुसऱ्या मजल्यावर उजेड दिसतोय!" का, ते कुणी सांगितलं नाही. मोठ्यांना वाटायचं, पोर लहान आहे, काय कळतंय. माझी पक्की समजूत झाली होती की ते विमान आमचंच घर शोधतंय, आणि उजेड दिसला तर तो माझ्यामुळे. कंदिलाकडे बघायलासुद्धा भ्यायचे. ती भीती कुठल्याही पुस्तकातून आली नव्हती गं.

खाडीपलीकडचा (वाशी)

पुस्तकं ठेवा, पण नेहमी दूरच्याच देशांची का? दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून निर्वासित झालेली हजारो माणसं, त्यात बहुतेक बायका-मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्या मुलांचं बालपण आपल्या मातीत गेलं. मे २०२५ मध्ये काश्मीरकडच्या पूंछमध्ये तोफगोळ्यांत लहान मुलं गेली. यावर मराठीत एक चांगलं चित्रपुस्तक निघावं असं मला मनापासून वाटतं.

मेघना (नेरूळ)

काकू, तुमचं म्हणणं पटतं. मुलांशी बोललंच पाहिजे, त्यावर वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की त्यासाठी युद्धाचं चित्र लागत नाही. येला लेपमान या जर्मन लेखिकेने १९४६ साली, म्युनिक अजून ढिगाऱ्यात असताना, देशोदेशींकडून मुलांची पुस्तकं मागवून प्रदर्शन भरवलं. पुढे बर्लिनच्या मुलांसाठी त्यांनी एक गोष्ट भाषांतरित करून तीस हजार प्रती छापून वाटल्या. कुठली? झुंजायचं सोडून फुलांचा वास घेत बसणाऱ्या बैलाची. ज्या मुलांनी बॉम्ब पाहिले होते त्यांच्या हातात त्यांनी बैल दिला.

ऋता (वर्तकनगर, ठाणे)

मेघना, त्या मुलांना युद्ध काय ते ठाऊक होतं, म्हणून बैल पुरला. आमच्या मुलांना मात्र टीव्हीमुळे ते क्रिकेटच्या सामन्यासारखं वाटतंय. गच्चीवर 'मिसाइल-मिसाइल' खेळतात आणि कोण मेलं ते मोजतात.

आणि अशा सगळ्याच पुस्तकांत बॉम्ब नसतो. उरी शुलेविट्झ यांचं एक आहे. वॉर्सा सोडून पळालेलं कुटुंब तुर्कस्तान नावाच्या गावात पोचतं, तिथे वडील बाजारात पाव आणायला जातात आणि नकाशा घेऊन येतात. मुलगा भुकेला आणि संतापलेला. ती रात्र मुलांना बरोबर कळते. वडिलांवर राग येणं पाच वर्षांच्यालाही कळतं.

मेघना (नेरूळ)

शुलेविट्झ खालच्या फळीवर ठेवा, मीही वर्गात वाचीन. मारुकी नको.

आरवची आई

पुस्तक परत देणारी ती मी. माझा भाऊ हवाई दलात आहे. ते पुस्तक पाहून आरवने विचारलं, "मामा पण विमानातून असं टाकतो का?" मला उत्तर देता आलं नाही. पुढचे दोन दिवस मामाचा फोन आला तरी तो घेईना. इथे सगळे मूल घाबरेल का यावर बोलताय. माझं मूल घाबरलं नाही, त्याने मामाला गुन्हेगार ठरवलं. पुस्तक देताना, हे एकट्याने बघायला देऊ नका, एवढं कुणी बोललं असतं तर मी आधी वाचलं असतं.

ऋता (वर्तकनगर, ठाणे)

आरवची आई, त्याचा प्रश्न योग्यच आहे आणि तो मोठ्यांनाही सुटलेला नाही. या रविवारपासून मारुकींचं पुस्तक वरच्या कप्प्यात राहील, पालक सोबत असतील तरच मिळेल. वाचनालयातून मात्र मी ते काढणार नाही. आरवला घेऊन या, मामांना सुट्टी असेल तर त्यांनाही आणा. त्यांनी वाचून दाखवलं तर फार बरं होईल.

मेघना (नेरूळ)

पालक सोबत असले तरी सहा वर्षांच्या मुलासाठी माझा विरोध कायम आहे. ग्रुपवर तसं नोंदवा. मामा येणार असतील तर मात्र मला कळवा, मी नेरूळहून येईन.