प्रिव्हेंटरमध्ये काटकसर नको

इनहेलर महागला म्हणून बाबांना स्टेरॉइडचा पफ एक दिवसाआड देता, असं तुम्ही लिहिलंय. कृपया असं परस्पर करू नका. हे त्रास होऊ नये म्हणून रोज घ्यायचं ‘प्रिव्हेंटर’ औषध आहे. त्यातलं बुडेसोनाइड हे स्टेरॉइड श्वासनलिकेची सूज हळूहळू उतरवतं, ते चुकलं की दम वाढतो. मग रात्री-अपरात्री ॲडमिट करायची वेळ आली तर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट बिल होतं.

महागाई खरीच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनपीपीएने (औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने) आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या, त्यात श्वासनलिका मोकळी करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या गोळ्या आणि नेब्युलायझरचं द्रावणही होतं.

डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहायला सांगा, म्हणजे जनऔषधी केंद्रात विचारता येईल. साठा नेहमी असतोच असं नाही, आधी फोन करा. पंपाऐवजी रोटाकॅप (छोट्या यंत्रात घालून ओढायची पावडरची कॅप्सूल) चालेल का, हेही विचारा. आमच्या आईला त्याच परवडतात. मात्र त्या जोरात ओढाव्या लागतात, तेव्हा बाबांना जमतंय का ते समोर बसून बघा. ओढताना कॅप्सूलचा खुळखुळ आवाज आला पाहिजे. आत पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायला लावा. पंपच ठेवणार असाल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) घ्याच, नाहीतर बरंचसं औषध घशातच चिकटतं.